शेवटचा अंक कोण लिहिते?



दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपत आली की आमच्या सिहोऱ्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. एकेका गावाची मंडई ठरते, लेकी-जावई येतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री कुठे दंडार, कुठे खडीगंमत, तर बहुतेक गावांत नाटक असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत ही नाटके दिवाळीपासून होळीपर्यंत चालतात. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटे संपते. थंडीत चादर पांघरून, लेकरू मांडीवर निजवून बाया ते शेवटापर्यंत पाहतात. दुसऱ्या दिवशी शेतावर जायचे असते, तरी पाहतात.

या नाटकांचा विषय पुष्कळदा एकच असतो : नवरा-बायकोचे बिनसणे आणि त्यामागे उभे असलेले अख्खे घर. सासूचा जाच, दिराचा डोळा, दारू, दुसरी बाई, मूल न होणे, माहेराहून न आलेला पैसा. वर्षाचे उरलेले महिने हेच विषय टीव्हीवर आणि हातातल्या मोबाईलवर येतात. आम्ही बालाघाटच्या सीमेजवळचे लोक, हिंदी कानावरचीच. म्हणून पाकिस्तानी मालिकासुद्धा इथल्या बायांनी आवडीने पाहिल्या. २०१४ साली ‘जिंदगी’ वाहिनीने त्या भारतात दाखवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या वाहिनीवरून गेल्या, मग यूट्यूबवर पाहिल्या गेल्या. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ती दारेही बंद करण्यात आली. पण पाहिलेली गोष्ट बंद होत नाही. ‘हमसफर’मधल्या खिरदबद्दल आमच्या गटातल्या बाया शेजारच्या गावात दिलेल्या मुलीबद्दल बोलावे तशा बोलतात.

आपल्या चळवळीत अशा नाटक-मालिकांना ‘रडकी’ म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलेसुद्धा नाही. जिथे शंभरातल्या सत्त्याहत्तर जणी गप्प बसतात, तिथे रंगमंचावरची बाई भर मांडवात तेच दुःख बोलून दाखवते, ही लहान गोष्ट नाही. बाया रडतात ते केवळ तिच्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट ही नाटके बरोबर ओळखतात. लग्नातले भांडण दोघांचे नसते. कायदा, समुपदेशक, शहरातली पुस्तके ‘पती-पत्नीतील बेबनाव’ म्हणतात, तेव्हा खोलीत दोनच माणसे असल्यासारखे वाटते. आपल्या घरात दोघांच्या मध्ये सासू-सासरे, नणंद, दीर, भावकी, माहेरची अब्रू, धाकट्या बहिणीचे व्हायचे लग्न, असे सगळे बसलेले असते. याच पाहणीत विचारले होते की नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या कारणासाठी योग्य आहे. सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी ते योग्य आहे असे देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. सर्वांत जास्त पसंती मिळालेले कारण कोणते? सासरच्यांचा मान न राखणे. ३२ टक्के स्त्रियांना ते कारण पुरेसे वाटले. घराच्या अपेक्षांसाठी बाईवर हात उचलला जातो, आणि तो उचलायला हरकत नाही असे बाईलाही शिकवलेले असते. हे नाटकवाल्यांना पाहणीच्या आधीपासून माहीत आहे.

मग माझा झगडा कशाशी आहे? शेवटच्या अंकाशी.

पहिल्या अंकांत बाईचे दुःख खरे असते. शेवटच्या अंकात मात्र त्या दुःखाचे उत्तर ठरलेले असते आणि ते तिच्या सोसण्यातून काढलेले असते. ही परंपरा जुनी आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्यांचा ‘एकच प्याला’ बडोद्याला रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. दारूने माणूस कसा बुडतो हे त्या नाटकाने फार ताकदीने सांगितले. पण सिंधू? नवऱ्याने मारल्यावर, मरायला टेकल्यावरही ती पोलिसांपुढे त्याच्यावर आळ येऊ देत नाही, आणि प्रेक्षक तिला हात जोडतो. शंभर वर्षे उलटली, तरी दवाखान्यात भाजलेली, हाडे मोडलेली बाई आणली की ‘स्टोव्ह भडकला’, ‘विहिरीवर पाय घसरला’ ही वाक्ये ऐकू येतातच. ती सिंधूनेच शिकवली असे मी म्हणणार नाही. पण असे बोलणारी बाई थोर, ही शिकवण आपल्याला कोणीतरी दिली आहे, आणि ती देताना टाळ्या वाजल्या आहेत.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. गावोगावच्या बाया बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरने टॉकीजवर गेल्या. त्यातही सासरी सोसत-सोसत संपणारी मुलगी. ती जिवंत असताना तिच्यासाठी दार उघडले नाही, आणि ती गेल्यावर सगळे रडले. आपल्याकडे बाईला न्याय मिळतो तो बहुधा तिच्या तेराव्याला.

मरण नसेल तिथे दुसरी युक्ती असते, ती म्हणजे गैरसमज. ‘हमसफर’ घ्या. २०११–१२ साली पाकिस्तानात गाजलेली ही मालिका. सासू सुनेवर बदफैलीचा आळ रचते, नवरा तो खरा मानतो, गरोदर खिरद घराबाहेर पडते. काही वर्षांनी आजारी मुलीला घेऊन ती नवऱ्यापुढे उभी राहते. अखेर कारस्थान उघडे पडते, सासूचे डोके फिरते, नवरा पश्चात्ताप करतो, संसार पुन्हा जुळतो. झाडीपट्टीच्या नाटकात आणि आपल्या मराठी मालिकांत हीच वीण पुन:पुन्हा दिसते. दुष्ट बाई सापडली की प्रश्न संपला! आणि दुष्ट बहुतेक वेळा बाईच असते, कधी सासू, कधी नणंद, कधी सवत. नवरा बिचारा फसलेला.

पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. सासूचा एक शब्द खरा मानून एका रात्रीत ज्या घरातून बाईला बाहेर काढता येते, ते घर तिचे होते कधी? आळ खोटा निघाला म्हणून ती परत आली. खरा असता तर तिला रस्त्यावर काढणे बरोबर ठरले असते का? गैरसमज दूर झाला, पण तिला हाकलण्याची ताकद ज्याच्या हातात होती त्याच्याच हातात राहिली. उद्या दुसरा गैरसमज झाला तर?

आपल्या देशात याचे उत्तर कायद्याने दिले आहे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानुसार, घर कोणाच्याही नावावर असो, सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाखेरीज तिला तिथून काढता येत नाही. ते घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी सामायिक घर ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केले. हा हक्क बाईच्या चारित्र्यावर टांगलेला नाही. कुठल्या नाटकात असा एक प्रवेश घातला, की नायिका उंबरठ्यावर उभी राहून म्हणते, ‘मी जाणार नाही, मला राहण्याचा हक्क आहे’, तर मांडवातल्या किती बायांना ती गोष्ट पहिल्यांदा कळेल!

तुम्ही म्हणाल, नाटक ते नाटक, संसार तो संसार. पण शेवटचा अंक मांडवात संपत नाही, तो गावच्या बैठकीत पुन्हा उभा राहतो. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे मिटवण्याच्या कामावर गावाला गुण आणि बक्षीस ठरले. बांधाचा तंटा गावात मिटला, कोर्टाची पायरी वाचली, हे चांगलेच. पण बाईचा तंटा मिटला असे केव्हा म्हणायचे? ती परत नांदायला गेली की मिटला. कागदावर सह्या होतात, चहा होतो. बैठकीतली वाक्येही ठरलेली असतात. ‘थोडं सोसून घे, बाई.’ ‘लेकराच्या तोंडाकडे पाह्य.’ ‘भांड्याला भांडं लागतेच.’ ‘तुझ्या बापाची मान खाली जाईन.’ हे बोलणारी माणसे वाईट नसतात. त्यांना तिचे भलेच करायचे असते. त्यांनी आजवर पाहिलेल्या सगळ्या गोष्टींचा शेवट असाच असतो, म्हणून त्यांना दुसरा शेवट सुचत नाही.

त्या बैठकीत सहसा न विचारले जाणारे प्रश्न मी इथे लिहून ठेवते. रोवणीच्या मजुरीचे पैसे कोणाच्या हातात जातात? ती परत गेली तर रात्री तिच्याजवळ फोन राहील का? माहेरी जायला कोणाची परवानगी लागेल? पुन्हा हात उचलला तर घराबाहेर कोण जाईल, तो की ती? शपथ तिला घालतात, ‘पुन्हा उलटून बोलणार नाही’ अशी. त्याला कोणती अट घातली? जिथे एकाच बाजूने सोसायचे असते, त्याला समझोता म्हणायचे का?

शेवट बदलता येत नाही असे नाही. १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये सुलभा महाजन नवऱ्याच्या घरातून निघते आणि चित्रपट तिला त्यासाठी शिक्षा करत नाही. १९९१ सालीच, ज्या वर्षी ‘माहेरची साडी’ आला त्याच वर्षी, प्रशांत दळवींचे ‘चारचौघी’ रंगभूमीवर आले आणि चार स्त्रिया आपापला निर्णय घेऊन उभ्या राहिल्या. अलीकडे ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) या मालिकेतली राधिका तर आपल्या नागपूरकडची, आपल्या बोलीत बोलणारी. नवऱ्याला जिची लाज वाटत होती ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. ‘आई कुठे काय करते’ (२०१९ ते २०२४) मधल्या अरुंधतीने पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेतला आणि लाखो घरांत जेवणाच्या वेळी त्यावर चर्चा झाली. या मालिका ओढूनताणून लांबवल्या, त्यांत हास्यास्पद गोष्टीही आल्या. तरीही सोडून दिलेली बाई संपत नाही, हे त्यांनी दाखवले.

पण इथेही एक मेख आहे. राधिकाला मसाल्यांची मोठी कंपनी काढावी लागली, अरुंधतीला गोड गळा होता. म्हणजे बाईने आधी देवी तरी असावे, नाही तर उद्योजक तरी! ज्या बाईजवळ ना कंपनी ना गळा, जी पावसाळ्यात कमरेत वाकून रोवणी करते आणि उन्हाळ्यात मोह वेचते, तिने काय करायचे? मार न खाण्याचा हक्क मिळवायला बाईने कर्तबगार असण्याची गरज नाही. ती सामान्य असेल, तोंडाळ असेल, स्वयंपाकात कच्ची असेल, तरी तो हक्क तिचाच आहे. अशा सामान्य बाईची गोष्ट अजून लिहायची आहे.

एका विषयावर तर बहुतेक नाटके, मालिका आणि आपला कायदाही तोंड फिरवतात. २०२३ च्या मे महिन्यात पाकिस्तानात ‘तेरे बिन’ या अतिशय लोकप्रिय मालिकेत नवरा बायकोवर जबरदस्ती करतो असे सुचवले गेले. तिथल्या प्रेक्षकांनी, त्यातही बायकांनी, इतका संताप व्यक्त केला की पुढच्या भागात तसे घडलेच नाही अशी सारवासारव करावी लागली. सारवासारव ती सारवासारवच. पण पाहणारे बोलले की लिहिणाऱ्यांना हलावे लागते, एवढे त्यातून सिद्ध झाले. आणि शेजारी देशाकडे बोट दाखवण्याआधी आपण आपले घर पाहावे. पाकिस्तानात १९७९ च्या हुदूद अध्यादेशाने बलात्काराच्या व्याख्येत विवाहाला दिलेली सूट २००६ च्या कायद्याने काढली गेली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत ती सूट जशीच्या तशी ठेवली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ११ मे २०२२ रोजी या प्रश्नावर परस्परविरोधी निकाल दिले.

इथे एका गावाचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. झाडीपट्टीची नाटके जिथून ठरवली जातात, जिथे नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत, ते वडसा म्हणजेच देसाईगंज. त्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. तिने विरोध केल्याचे दिसत नाही, असे कारण दिले गेले. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारे ४९८ अ हे कलमही आले, जे आता न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. तो शेवटचा अंक सर्वोच्च न्यायालयाने लिहिलेला होता, तरी बायांनी तो शेवट मानला नाही. मग नाटकाचा, बैठकीचा शेवट आपण का मानावा?

आपल्यावर नेहमीचा आरोप होतो की या घर मोडणाऱ्या बाया. याचे उत्तर शांतपणे द्यावे. घर मारहाणीने मोडते, ते बोलून दाखवणारीने नव्हे. समझोत्याला आपला विरोध नाही. पुष्कळ जणींना परत जायचेच असते, आणि तो निर्णय त्यांचा आहे. पण परत जाताना अटी तिच्याही असाव्यात.

आणि नाटक बंद करा असे तर मी मुळीच म्हणत नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर शेकडो कलावंतांची पोटे आहेत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येक गावाला आनंद झाला. एकेकाळी पुरुषच लुगडे नेसून बाईची कामे करीत. आज बाया स्वतः रंगमंचावर आहेत, रात्ररात्र प्रवास करतात आणि वर लोकांची बोलणी खातात. त्या आपल्याच आहेत. लिहिणारे म्हणतात, लोकांना असाच शेवट लागतो. लोक म्हणजे कोण? मांडवात निम्म्या तर आपण असतो.

म्हणून काही कामे सुचवते. गावात नाटक ठरवते ते गावचे मंडळ. त्या बैठकीला बचत गटाच्या दोघी-तिघींनी जाऊन बसावे आणि कोणते नाटक आणता, त्यात बाईचे काय होते, हे विचारावे. नाटक झाल्यावर किंवा मालिका पाहताना गटात तीन प्रश्नांवर बोलावे : कोणी सोसले? कोणी बदलले? घर शेवटी कोणाचे राहिले? तेच तीन प्रश्न घेऊन गावातल्या समझोत्याच्या बैठकीला जावे, बाईला एकटी बसू देऊ नये, आणि ठरले ते अटींसह लेखी घ्यावे, एक प्रत तिच्याजवळ ठेवावी. सिहोऱ्याला पोलीस ठाणे आहे, कोर्ट तुमसरला आहे. संरक्षण अधिकारी कुठे बसतात हे प्रत्येक गटाने आधीच जाऊन पाहून ठेवावे, रात्री धावपळीत शोधायची वेळ येऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे, कमाई कितीही असो, प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. तातडीला ११२ आणि महिला मदतीला १८१ हे क्रमांक पोरींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत.

आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे. ज्यांना येत नाही त्यांनी सांगावे, दुसरी लिहून घेईल. आपापल्या भागातल्या एका नाटकाचा किंवा मालिकेचा शेवट बदलून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ते छापू. त्यात बाई मरायला नको, देवी व्हायला नको, कंपनीची मालकीणही व्हायला नको. ती जिवंत असावी, घरात असो की घराबाहेर, आणि कुठे राहायचे हे तिने ठरवलेले असावे. एवढा साधा शेवट रंगमंचावर चालतो की नाही, ते एकदा पाहूच.